कोऱ्या कॅसेटचा आवाज

सुनयनाच्या कानात कापूस होता. रविवारी सकाळी ती चहाचा कप माझ्यापुढं ठेवायला वाकली, न्हायलेले केस तिनं वर गुंडाळले होते, आणि एरवी केसांखाली असणारे कान उघडे पडले होते. दोन्ही कानांत पांढरे बोळे. नीट, हाताला सवय असल्यासारखे बसवलेले. मी टेपवरची सारंगी थांबवली आणि विचारलं, "कान दुखतोय काय?" तिनं एक बोळा काढला, "आँ?" म्हणाली. मी पुन्हा विचारलं. "दुखायला काय झालंय? तुमचं गाणं चालू हाय न्हवं," ती म्हणाली. दूध वर आलं म्हणून गॅस बारीक केला, असं सांगावं तशा आवाजात. राग नाही, तक्रार नाही. "कधीपासून घालतीस?" "गौरी-गणपतीपासनं आसंल. पयलं नुसतं डोस्कं उठायचं. मग शेजारच्या मालतीबाई म्हणाल्या, कापूस घाला, आमी पण गाणं लागलं की दार लावून घेतो." म्हणजे मालतीबाईंना ठाऊक. म्हणजे जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्या सोसायटीला ठाऊक. मी तिला म्हणालो, "तुला गाण्यातलं काय कळतंय?" ती म्हणाली, "कळत न्हाई म्हणूनच कापूस घातलाय," आणि बोळा परत कानात बसवून आत गेली. मी टेप पुन्हा चालू केली नाही. चहावर साय धरेपर्यंत नुसता बसून राहिलो.

माझ्यापाशी कानाशिवाय दुसरं काही नाही. शिक्षण नववीपर्यंत, कोरेगावकडच्या एका शाळेत, तिथं गाण्याचा तास म्हणजे प्रार्थना. गुरू नाही, घराणं नाही, पेटीवर बोट ठेवता येत नाही. दिघ्याच्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर उभा राहतो आणि पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडतो. पण गाणं मला कळतं. हे मी नम्रपणे सांगणार नाही, नम्रपणा ज्यांना परवडतो त्यांनी करावा. दादरच्या सभागृहात पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेले लोक शेजारच्याची मान हललेली बघून आपली हलवतात, हे मी शेवटच्या रांगेत उभं राहून पाहिलंय. मी जुईनगरच्या दोन खोल्यांत, भिंतभर कॅसेटींसमोर, फरशीवर बसून गाणं शिकलो. एकच तोडी रात्रपाळीहून आल्यावर आणि दिवसपाळीला जाण्याआधी, इतक्या वेळा, की फीत पातळ होऊन पलीकडच्या बाजूचं गाणं उलटं ऐकू यायला लागलं. टेपच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. गाणं चालू ठेवायचं आणि पेचकस लावून तो केसभर फिरवायचा, की एका जागी आवाज एकदम उघडतो, घाण झालेली काच पुसल्यासारखा. ती जागा मला सापडायची. दुकानदार आपल्या टेपी घेऊन माझ्याकडं यायचे. कंपनीत मला 'कान' म्हणत. "कानाला विचारा," असं म्हणत. एका माणसाला आयुष्यात अशी एक जागा पुरे असते, जिथं त्याला विचारल्याशिवाय काही होत नाही.

गेल्या वर्षभरात ज्या कॅसेटींवर मी जीव टाकला त्या त्या सकाळी माझ्यासमोरच पडल्या होत्या. मी एकेकीकडं बघत बसलो, घरातलं माणूस खोटं बोलतंय असा संशय आल्यावर बघावं तसा. पहिली ही सारंगीची. वाजवणारा म्हातारा राजस्थानकडचा, वेष्टनावर त्याचं नाव बारीक आणि कंपनीचं ठळक. मारवा वाजवलाय त्यानं. मारव्यात षड्जाकडं जायचं नसतं लवकर, घर दिसत असतं आणि माणूस बाहेरच घुटमळत राहतो. हा म्हातारा इतका घुटमळतो, की ऐकणाऱ्यानं शेवटी म्हणावं, बाबा, जा की आत. सारंगीत पूर्वी मला गज तारेवर घासल्याची बारीक किरकिर यायची, आजारी माणसाच्या श्वासासारखी. या कॅसेटीत ती नव्हती. मी कंपनीत, भजनात, दिसेल त्याला सांगितलं, म्हाताऱ्याचा हात बघा किती मऊ! दुसरी, धारवाडकडच्या एका बाईंची. तिच्यात तंबोरा लांब विहिरीत घुमल्यासारखा, आणि बाईंचा गळा एकटा पुढं. तंबोऱ्याच्या तारेतून उन्हातल्या धुळीसारखे कण उडत असतात, ते मुद्दाम काढून टाकलेत, बाईंना एकटं उभं केलंय, असं मी मानलं आणि त्या एकटेपणावर फिदा झालो. तिसरी संतूरची, आणि तिच्यावरून तर भांडण. वाशीच्या गोटीरामचं कॅसेटींचं दुकान आहे, त्याच्या फळकुटावर मी ती आपटली. म्हणालो, "डुप्लिकेट माल विकतोस? संतूर आहे का पाटावर लाटणं?" गोटीरामनं बदलून दिली. दुसरी तशीच. त्यानं आणखी एक फोडली, दुकानातल्या टेपवर लावली, रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली. मी म्हणालो, लाकूडच आहे. गोटीराम डोकं खाजवत म्हणाला, "कानसाहेब, सगळ्या गावाला चांदीच्या घंट्या ऐकू येतायत, तुमालाच लाकूड. तुमचा कान लई वरच्या क्लासचा झाला, आता आमच्या मालात बसत नाय." मी ते कौतुक म्हणून घेतलं. खिशात घालून घरी आणलं. चौथी तर लाज न बाळगता सांगतो, नाचाची, पोरं गणपतीपुढं लावतात ती. तिच्यातला खालचा ढोल छातीत बसतो. खालचं सगळं मला हल्ली फार आवडायला लागलं होतं. ढोल, पखवाज, पुरुषांचे खर्जातले आवाज. बायका बोलताना पुटपुटतात, असंही मला वाटायला लागलं होतं. आणि सगळ्यात मोठा आनंद म्हणजे खरखर गेली. दोन गाण्यांच्या मध्ये कॅसेटीत जो एक पाऊस पडत असतो, बारीक, कोरडा, तो गेला. मी म्हणायचो, सुधारल्या बघा कंपन्या, दोन गाण्यांच्या मध्ये आता देवळासारखी शांतता असते. मी त्या शांततेसाठी पुन्हा पुन्हा कॅसेटी लावत होतो.

ही वाक्यं त्या सकाळी डोक्यात एकामागून एक येऊन उभी राहिली आणि मी एकेकाला हाकललं. बाईचं डोकं दुखतं, ती कापूस घालते, त्यात एवढं काय. पण हाकललेलं वाक्य दाराबाहेर उभं राहतं. आणि त्या वाक्यांच्या मागं एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा, डावा. तो जाईना.

धनेश आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, खाडीकाठच्या दिवाळे गावचा कोळी. त्याची आत्या सखू धवलारीण. धवला म्हणजे त्यांच्याकडं लग्नात हळद दळताना बायका म्हणतात ते गाणं. वाद्य नाही, पुरुष नाही. जात्याची घरघर आणि हातातल्या बांगडीचा ठेका, बस. सखूआत्याला शेकडो ओव्या पाठ, तिच्या मागं म्हणणारं कोणी नाही, म्हणून धनेशनं स्वतः पुढं होऊन तिची कॅसेट काढायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "दादा, तुमी फक्त काचेच्या अलीकरं बसा. तुमी हो बोललाव की माझा काम झाला." ठाण्याच्या स्टुडिओत आम्ही जातं नेलं. ती कोळीण जात्यापुढं बसली, डाव्या हातानं खुंटा धरला. त्यांच्या बायकांच्या बांगड्या एकाच हातात असतात, उजव्या हातातल्या दर्याला दिलेल्या, नवरा सुखरूप परत यावा म्हणून. तिचा नवरा नामदेव अजून बोटीवर जातो. ती गायली आणि मी काचेच्या अलीकडं बसून घामाघूम झालो, असा गळा मी कोणत्याही कॅसेटीत ऐकला नव्हता, मिठागरात उघडं पडलेलं मीठ असावं तसा, खरबरीत आणि स्वच्छ. मग सगळे ऐकायला बसले आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी डोळे मिटून ऐकलं, डोळे उघडले आणि म्हणालो, "गळा सोन्याचा आहे. पण आत्या, तुझी बांगडी बोलत नाही." ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "वाजतेय की हो, चांगली वाजतेय." मी म्हणालो, "तुमच्या यंत्राला वाजत असंल. बांगडी नाही तर धवला मेलेला." त्यानं खांदे उडवले आणि यंत्रावरची बारीक आवाजाची पट्टी वर ढकलली. आणखी, म्हणालो. आणखी. शेवटी कुठंतरी लांब, पाण्याखाली काच हलल्यासारखं काहीतरी मला आलं आणि मी हात वर करून म्हणालो, "हां, आता." बाकीच्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत. सखूआत्या मान खाली घालून डाव्या हातातल्या बांगड्या एकेक फिरवत होती. मला वाटलं, आपल्या पारखीनं भारावली.

ती मूळ कॅसेट, तिला मास्टर म्हणतात, सोमवारी प्रती काढायला जाणार होती. म्हणजे उद्या.

मी स्वतःला सांगितलं, दरवर्षी कंपनीत कानाची तपासणी होते आणि दरवर्षी मी पास होतो. तसा कागद आहे. पण त्या कागदावर विसंबायला गेलो तर बाबासो आठवला. बाबासो माझ्या आधीपासून प्रेसवर होता, आमच्याच भागातला, आता रिटायर होऊन गावी असतो आणि शेजाऱ्याशी बोलतो ते वेशीपर्यंत ऐकू जातं. माझ्या पहिल्या तपासणीला त्यानंच मला बाजूला घेतलं. तपासणी अशी, की डोक्याला हेडफोन लावायचे, बारीक टूं वाजलं की बोट वर करायचं. यंत्रामागं कंपाउंडर बसलेला. बाबासो म्हणाला, "टूं-बिं कायबी ऐकत बसू नगंस. त्येचा खांदा बघ. खांदा हालला, की तू बोट हालीव." का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आरं, नापास झाला की गेटवर बशीवत्यात, झाडू मारायला. सगळी असंच पास व्हत्यात. कंपाउंडरला बी ठावं हाय." खरंच ठाऊक होतं. तो खांदा जरा जास्तच हलवायचा, भला माणूस. प्रेसचा आवाज अडवायला कानात घालायची बोंडं कंपनीत आहेत, साहेब लोक तपासणीला येतात त्या दिवशी वाटतात आणि संध्याकाळी मोजून परत घेतात. पाळी संपली की आमच्या सगळ्यांच्या कानात एक शीळ वाजते. तिला आम्ही 'कंपनीची शिट्टी' म्हणतो आणि हसतो. माझी शिट्टी पूर्वी जेवणापर्यंत थांबायची. मग झोपेपर्यंत. मग मी तिच्याकडं लक्ष देणं सोडलं, आणि आता त्या रविवारी सकाळी, टेप बंद असताना, लक्ष दिलं तर ती होतीच. ती होती म्हणून घरात शांतता आहे, असं मला वाटत आलं होतं.

आणि बोट वर करताना मी खरंच टूं ऐकत होतो का खांदा बघत होतो? पहिल्या वर्षी दोन्ही. हे मला पक्कं आठवतं, आधी टूं यायचं आणि मग खांदा, मला बाबासोच्या शिकवणीची गरज नव्हती आणि मी मनात त्याला हसलो होतो. नंतरच्या एका वर्षी खांदा आधी यायला लागला. कोणत्या, ते सांगता येत नाही. केस पांढरे होतात ते कोणत्या सकाळी, हे कुणाला सांगता येतं?

जेवणं झाली. सुनयना आत भांडी घासत होती. नळ चालू असावा. मी खणातून एक नवी कोरी कॅसेट काढली, वेष्टन फाडलं, टेपमध्ये घातली. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. बारीक आवाजाच्या पट्ट्या सगळ्या वर होत्याच, कितीतरी महिने त्या वरच होत्या. काळी पट्टी फिरताना दिसत होती. स्पीकरच्या जाळीला मी कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. देवळातसुद्धा नसते एवढी शांतता, आणि तिच्यात माझी शिट्टी. मला बरं वाटलं, खरंच सांगतो, क्षणभर मला इतकं बरं वाटलं. कोऱ्या कॅसेटीवर काय असणार? काही नसणार. बरोबर आहे. आणि मग सुनयना दारात आली. तिचे दोन्ही हात राखेनं भरलेले होते आणि ते तिनं तसेच कानांवर दाबले होते, गालांना राख लागली होती, तोंड हलत होतं. मी उठून तिच्याजवळ गेलो तेव्हा ते शब्द झाले. "बंद करा की ते! काय लावलंय? शिट्टी न होता कुकरची नुसती वाफ जावी तसं! घरभर!" मी म्हणालो, "काय ऐकू येतंय तुला?" ती म्हणाली, "तुमाला न्हाई येत?" मी बटण बंद केलं. तिचे हात खाली आले, चेहरा सैल झाला. मला आधीचं आणि नंतरचं सारखंच होतं.

सारंगीवाल्या म्हाताऱ्याचा हात मऊ नव्हता.

मी फरशीवर बसलो. ती समोर बसली, पदरानं गाल पुसत. तिला सगळं समजलेलं होतं, ते किती दिवसांपासून, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी म्हणालो, "उद्या त्या सखूआत्याची कॅसेट प्रतींना जाणार आहे. मी बांगडी वाढवायला लावली. सगळी वाढवली. आता तिच्यात ते गाणं नसणार, नुसती काच फुटत असणार." ती म्हणाली, "मग सांगा की त्यांना." बायकांना सांगणं सोपं वाटतं. काय सांगू? ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही मला माणूस म्हणता ती माझ्यापाशी नाही? गप्प बसलो तर कुणाला कळणार नव्हतं. कॅसेट येईल, लोक म्हणतील ध्वनिमुद्रण करणारा गाढव आहे, मीही म्हणेन. मी 'कान' राहीन. पुढं दुसरं कुणी विचारायला येईल, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघून सांगेन. मान हललेली बघून मान हलवता येते. पहिल्या रांगेतल्या शालवाल्यांची मी किती थट्टा केली होती, आणि मला तर खांद्याची तालीम होती. मी करू शकलो असतो. हेच भयंकर होतं, की मी ते सहज करू शकलो असतो, मरेपर्यंत. "सांगा जावा," सुनयना पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, एकेक शब्द सोडवून, म्हाताऱ्या सासऱ्याशी बोलावं तशी. ते ऐकून मी उठलो आणि चपला घातल्या.

दिवाळ्याला रिक्षातून उतरलो तेव्हा उन्हं खाडीवर तिरकी झाली होती. बांबूंवर बोंबील वाळत होते. भरतीवर बोटी गेलेल्या, चिखलाजवळ एकच बोट उभी होती, आणि ओट्यावर नामदेव जाळं सांधत बसला होता, सुईतलं सूत दातानं ओढून गाठ मारत, कुणाला तरी मारल्यासारखी. धनेश आतून आला. "या दादा! मास्टर आयकाला आलाव ना? मना वाटलाच." नामदेव मान वर न करता म्हणाला, "हे का ते कानवाले? इचार यांना, आता तरी जाऊ का बोटीवर." मला समजलं नाही. धनेश ओशाळला. "काय नाय दादा, आत्याला तुमचा बोलना लय लागला. स्टुडिओतून आली तवापासून काकाला दर्यावर सोरत नाय. कासाराकरं जाऊन नवा चुरा पन भरून आली." तोवर सखूआत्या बोंबलांच्या रांगेतून चालत आली होती, पाटी काखेत. डाव्या हातात नव्या बांगड्या, कोवळ्या पानासारख्या हिरव्या. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, "बोल बाबा. तूच बोलला व्हतास, बांगरी बोलत नाय. बांगरी बोलत नाय म्हंजे दर्यानं मनावर घेतला नाय. जुन्या नाय बोलल्या, नव्या तरी बोलतान का?" आणि तिनं तो हात माझ्या तोंडापुढं हलवला.

बांगड्या एकमेकींवर आपटताना मला दिसल्या. उन्हात त्यांच्यावरून चमक सरकली. मी त्या बाईच्या घरावर काय आणून ठेवलं होतं! माझ्या एका मिजासखोर वाक्यानं एक बोट चिखलात उभी होती, एक म्हातारा जाळ्यावर राग काढत होता, आणि ही बाई झोपली नव्हती, तिच्या डोळ्यांखाली ते दिसत होतं. आता 'हो, बोलतात' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती खूश झाली असती, नामदेव गेला असता, आणि माझंही राहिलं असतं. तोंडाशी आलेलं ते वाक्य मला अजून आठवतं, त्याची चव गोड होती. मी म्हणालो, "आत्या, तुझी बांगडी पहिल्यापासून बोलते. मला ऐकू येत नाही."

"मस्करी करताव," धनेश हसला. मी म्हणालो, "नाही. बारीक आवाज मला येत नाहीत. कान गेला. आजच कळलं." सखूआत्यानं पाटी खाली ठेवली. माझ्या उजव्या कानाशी हात आणून हलवला. "आता?" नाही, म्हणालो. डाव्या कानाशी आणला. इतक्या जवळ, की काचेचा गारवा पाळीला लागला. "आता रं?" नाही. ती मागं सरली, माझ्याकडं बघितलं, आणि हसायला लागली. कंबरेवर हात ठेवून, दात दाखवून, पोट धरून हसायला लागली. "अगं बाय! मंग माझे बांगरीला काय झायला नाय! याचेच कानाला बूच हाय!" तिनं ते ओरडून पलीकडच्या रांगेतल्या बायकांना सांगितलं, "आयकला का गो, बांगरी बरी हाय, परीक्षक भैरा हाय!" त्या हसल्या. नामदेव सुई जाळ्यात खोचून उभाच राहिला होता, उतरत्या पाण्याकडं बघत हिशेब करत, "पोचतंय आजून," असं पुटपुटत, मला ते ओठांवरून कळलं. मी तिथं उभा होतो. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक चांगलं काही संपलं होतं आणि एवढा आनंद मी त्या गावात लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. तिच्या नाही, कुणाच्या ते समजेना. दिघ्याला जाऊन त्या बोंडांच्या पेटीला लाथ घालावी, असं वाटलं.

धनेश हसला नव्हता. तो चिडला होता. "आता मास्टर परत करावा लागंल. अगोदर नाय का सांगाचा दादा?" मी म्हणालो, "अगोदर मला ठाऊक असतं तर." "मंग आता बरोबर का चूक कोन सांगनार? मी कोनला बसवू काचेच्या अलीकरं?" मी त्याच्या आत्याकडं बोट केलं. तो म्हणाला, "ती काय सांगनार, ती तर गानार हाय." "तिलाच विचार. तिचाच हात, तिचाच गळा." त्याला ते पटलं नाही. माझ्यावरचा त्याचा विश्वास त्याच्या स्वतःच्या कानापेक्षा मोठा होता. मास्टर त्यानंही ऐकला होता आणि त्यालाही कचकचलं होतं, हे त्यानं मग कबूल केलं. "पन तुमी हो बोललाव व्हता ना." मी निघालो तेव्हा सखूआत्यानं हाक मारली, दोनदा मारली असावी, कारण दुसऱ्यांदा तिनं माझा दंड धरला. हसू ओसरलं होतं. "कंपनीत डबे ठोकून झायला?" मी मान हलवली. तिनं कंपनीला एक शिवी दिली, ती मला स्पष्ट ऐकू आली, आणि कागदात बोंबील बांधून माझ्या हातात दिले. खाडीत नामदेवची बोट हलली होती. इंजिनाचा आवाज मला पूर्ण आला. खालचे आवाज सगळे येतात.

घरी आल्यावर मी इक्वलायझरच्या पट्ट्या खाली आणल्या आणि त्या रात्रीपासून गाणं लावलं नाही. कंपनीत धनेशनं कुणाला सांगितलं नाही. तरी मला 'कान' म्हणून हाक आली की मी ती थट्टा आहे का, हे बघायला त्या माणसाचं तोंड बघतो. तोंडं बघायची सवय लागली आहे. जेवताना सुनयनाचं, जिन्यात मालतीबाईंचं. कॅसेटींच्या भिंतीकडं पाठ करून बसतो, कारण तिच्यातल्या कितीतरी गोष्टी मी आता फक्त आठवणीनं ऐकणार, आणि आठवण कधी पातळ होते हे त्या फितीसारखंच आधी कळत नाही. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. कंपाउंडरचा खांदा बघायचा का डोळे मिटायचे, हे मी ठरवलेलं नाही. डोळे मिटले तर गेटवर झाडू. बघितला तर प्रेस, आणि मग हळूहळू खालचेही आवाज. कुणी मला विचारू नये.

दिवाळीनंतर धनेश घरी येऊन सखूआत्याची कॅसेट देऊन गेला. मुखपृष्ठावर ती जात्यापुढं बसलेली, डावा हात खुंट्यावर. पुन्हा स्टुडिओत गेल्यावर तिनं स्वतःच बसून ऐकलं आणि पट्टी खाली, आणखी खाली, असं करत जिथं तिला हवं तिथं थांबवलं, असं त्यानं सांगितलं. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला म्हणे, की ही सुरुवातीची जागा होती. रविवारी सकाळी मी ती लावली. आवाजाचं बटण सुनयनाच्या हातात दिलं. तिनं फिरवलं, कपाळावर आठी आली तशी थोडं मागं घेतलं, आठी गेली तिथं सोडलं. मला ते गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं आलं. जातं आलं. गळाही आला, कडा नसलेला, पण आला. सुनयना समोर बसली होती, कान उघडे, कापूस नव्हता. मी म्हणालो, "बांगडी वाजली की बोट वर कर." ती लाजली. "काय पोरखेळ," म्हणाली. पण तिनं बोट वर केलं. खाली आणलं. पुन्हा वर. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आणि मध्येच, आत्यानं ओवीची ओळ मोडली तिथं, दोनदा. म्हणजे आत्या तिथं ठेका दुप्पट करते. हे मला स्टुडिओत कळलं नव्हतं. मी त्या बोटाकडं बघत राहिलो आणि गाणं ऐकत राहिलो, आणि दोन्ही कधी जुळत होतं, कधी नव्हतं.

गाणं संपलं. जातं थांबलं. सुनयनाचं बोट मात्र वरच राहिलं.

"काय गं?" मी म्हणालो. "संपलं की."

"न्हाई," ती म्हणाली. तिनं मान जरा वाकडी केली होती, लांबचं ऐकतात तशी. "आजून कायतरी वाजतंय. बारीक. वाफंसारखं. बंद करू?"

"असू दे," मी म्हणालो. "वाजू दे."